वारंवार होणारा मूत्रमार्गसंसर्ग, निष्प्रभ प्रतिजैविके आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्या बाह्यरुग्ण कक्षात येणाऱ्या स्त्रीरुग्णांमध्ये एक वर्ग गेल्या काही वर्षांत ठळकपणे दिसू लागला आहे. लघवीला जळजळ, थेंबथेंब होणे, ओटीपोटात दुखणे, अधूनमधून थंडी वाजून ताप, आणि हे सर्व दोन-दोन महिन्यांनी पुनःपुन्हा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चार-पाच चिकित्सकांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या. ‘आता ॲलोपॅथीच्या गोळ्या लागूच पडत नाहीत, म्हणून आयुर्वेदाकडे आले’ हे वाक्य तर इतके ठरलेले की, रुग्णा खुर्चीवर बसण्यापूर्वीच ते आपल्याला ऐकू यावे. हे वाक्य ऐकून आपल्यापैकी अनेकांना जो आनंद होतो, त्या आनंदाविषयी मला आज काही लिहावयाचे आहे.

सहा महिन्यांत दोन वेळा किंवा वर्षभरात तीन वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला म्हणजे आधुनिक वैद्यक त्यास पुनरावर्ती संसर्ग असे म्हणते. बहुतांश रुग्णांत कारणीभूत असतो तो आतड्यात वास करणारा ई. कोलाय हा जिवाणू. पूर्वी साध्या, स्वस्त गोळ्यांनी तो आटोक्यात येत असे. आज त्याच जिवाणूच्या अनेक जाती ‘ईएसबीएल’ नावाची विकरे तयार करून पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन वर्गातील बहुतेक औषधे निकामी करतात. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांनाही त्या बहुधा दाद देत नाहीत. मग मेरोपेनेमसारखी शिरेतून द्यावयाची औषधे, त्यासाठी रुग्णालयात मुक्काम आणि मध्यमवर्गीय घराचे अंदाजपत्रक कोलमडवणारा खर्च. त्याही औषधांना निष्प्रभ करणारे विकर २००९ साली, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या तपासणीत प्रथम नोंदले गेले व त्यास आपल्या राजधानीचे नाव मिळाले. नावावरून २०१० साली आपल्याकडे बराच रोष व्यक्त झाला. जिवाणूने मात्र तो मनावर घेतला नाही. २०१९ या एका वर्षात प्रतिरोधी जिवाणूसंसर्गामुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंची जगभरातील संख्या सुमारे १२ लाख ७० हजार असावी, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला.

या परिस्थितीस जबाबदार कोण, असा प्रश्न आपल्या सभासंमेलनांतून निघाला की उत्तर तयार असते : ॲलोपॅथी. मला हे उत्तर सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. तालुक्याच्या व मोठ्या खेड्यांच्या ठिकाणी बीएएमएस पदवीधर चालवीत असलेल्या दवाखान्यांतून रोज किती सेफिक्झिम व किती ऑफ्लॉक्सासिन पुड्यांमधून बाहेर पडते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाचा अर्थ कोणता, १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नेमके काय साध्य झाले, या वादात मी येथे शिरत नाही. त्यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. अधिकार असो वा नसो, दोन दिवसांच्या चार गोळ्या, नाव न लिहिलेल्या पुडीत बांधून देणे ही कोणत्याही शास्त्रातील चिकित्सा नव्हे. पुडीतून दिलेल्या औषधाचा सर्वांत मोठा तोटा हा की पुढच्या चिकित्सकास रुग्णाने काय घेतले ते कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे जे वर्गीकरण २०१७ पासून केले आहे, त्यात ही दोन्ही औषधे ‘वॉच’ म्हणजे जपून वापरावयाच्या गटात आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-वन’ अनुसूचीनुसार तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांची विक्री औषधविक्रेत्याने स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. दवाखान्यातील डब्यातून निघणाऱ्या पुडीला नोंदवही नसते. एका हाताने पुडी बांधावयाची आणि दुसऱ्या हाताने प्रतिजैविकांच्या दुष्परिणामांवर व्याख्यान द्यावयाचे, ही विसंगती रुग्णांच्याही लक्षात येते. ते आदरापोटी बोलत नाहीत, एवढेच.

एक उदाहरण सांगते. पंचावन्न वर्षांच्या एक शिक्षिका, मधुमेह दहा वर्षांचा, अकरा महिन्यांत पाच वेळा हाच त्रास. पाचही वेळा वेगवेगळ्या गोळ्या, कोणत्याच वेळी मूत्राचे कल्चर नाही. साधी लघवीची तपासणी तेवढी चार वेळा झालेली, प्रत्येक वेळी पूपेशी ‘भरपूर’. बाईंची अपेक्षा स्पष्ट होती. ‘मॅडम, आता तुमचंच काहीतरी द्या, कायमचं जाईल असं.’ मी प्रथम कल्चर करण्यास सांगितले. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, कारण त्या तपासण्यांनाच कंटाळून माझ्याकडे आल्या होत्या. अहवालात ईएसबीएल तयार करणारा ई. कोलाय आला. सेफिक्झिम व ऑफ्लॉक्सासिन दोन्ही निरुपयोगी. म्हणजे आधीच्या पाचांपैकी किमान तीन वेळा घेतलेल्या गोळ्यांचा काहीही उपयोग होण्याजोगा नव्हता. नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन ही तोंडाने घ्यावयाची दोन औषधे मात्र अद्याप शिल्लक होती. सोनोग्राफीत मूत्रविसर्जनानंतरही बस्तीत १८० मिलिलिटर मूत्र शिल्लक राहत असल्याचे दिसले. अशा बस्तीत जिवाणू वाढणारच. वरून कितीही औषध ओतले तरी तळ रिकामा होत नाही.

त्यांना मी मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठविले. दीर्घकालीन मधुमेहाने बस्तीचे आकुंचन क्षीण झाले आहे, असे निदान झाले. ठरावीक वेळी, इच्छा होवो न होवो, मूत्रविसर्जन करणे व थोड्या वेळाने पुन्हा एकदा बसून बस्ती रिकामी करणे असा अभ्यास त्यांना शिकविला गेला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी रजोनिवृत्तीनंतरचा स्थानिक कोरडेपणा पाहून योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम दिले. या उपायाने रजोनिवृत्त स्त्रियांत संसर्गाची पुनरावृत्ती कमी होते, हे आता सर्वमान्य आहे. मलावष्टंभ, आहार, प्रमेहाचे पथ्य व बस्तिशोधक औषधे ही बाजू माझ्याकडे राहिली. पुढील वर्षभरात त्यांना एकदाच संसर्ग झाला आणि तोही कल्चर करून, योग्य त्या एका औषधाने पाच दिवसांत बरा झाला. ‘कायमचे गेले’ असे मी त्यांना सांगितले नाही व आजही सांगणार नाही. यात चमत्कार काहीच नाही, म्हणूनच हे उदाहरण निवडले. आपल्या अंकांतून चमत्कार पुष्कळ छापून येतात.

आता ज्या आनंदाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळते. प्रतिजैविक निष्प्रभ झाले म्हणजे आपली वनस्पती प्रभावी ठरली, असा एक अध्याहृत तर्क आपल्या बोलण्यात असतो. काचेच्या बशीत अमुक काढ्याने जिवाणूंची वाढ थांबली, असे स्नातकोत्तर प्रबंध आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी निघतात. परंतु बशीत ओतलेल्या काढ्याचे बल आणि तो काढा पिऊन, पचून, रसधातूतून मूत्रापर्यंत पोहोचणाऱ्या अंशाचे बल यांत केवढे अंतर आहे, हे अग्नी व धातुपाक शिकलेल्या वैद्याला तरी सांगावे लागू नये. गोक्षुर, वरुण, पुनर्नवा, तृणपंचमूळ, चंद्रप्रभा ही औषधे मी नित्य वापरते व त्यांचा उपयोग मला दिसतो. जळजळ शमते, मूत्रप्रवृत्ती सुधारते, दोन वेगांमधील काळ लांबतो असा माझा अनुभव आहे. अनुभव म्हणजे सिद्ध झालेले प्रमाण नव्हे, हेही येथेच नोंदवते. परंतु थंडी वाजून १०३ अंश ताप आलेला, कुशीत वेदना, उलट्या, नाडी क्षीण, अशा रुग्णेला गोक्षुरादि गुग्गुळावर दोन दिवस थांबवून ठेवणे म्हणजे तिच्या वृक्काशी खेळणे होय. मधुमेही स्त्रीत हा संसर्ग वृक्कात वायू तयार करणाऱ्या प्राणघातक अवस्थेपर्यंत जाऊ शकतो. अश्मरीने मार्ग अडलेला आणि वर संसर्ग, ही तर काही तासांत शल्यकर्म मागणारी अवस्था आहे. सुश्रुताने बस्तीची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे, हे आपण परीक्षेत लिहिले होते. दवाखान्यात ते आठवावे.

गर्भिणी, मधुमेही, एकच वृक्क असलेले, वृक्काचे कार्य आधीच मंदावलेले, मूत्रनलिका लावलेले, लहान मुले आणि ज्यांना असा संसर्ग झाला ते सर्व पुरुष, यांच्या बाबतीत प्रतीक्षा करूच नये. वृद्धांत ताप येईलच असे नाही. अचानक भ्रम, असंबद्ध बडबड, गळून जाणे एवढेच लक्षण असू शकते. घरचे लोक त्यास वय झाल्याचे मानतात.

‘दुसऱ्याकडे पाठविले म्हणजे आपले शास्त्र उणे ठरले’ ही भावना आपल्या व्यवसायात खोलवर आहे. तिला शास्त्राचा आधार मला कोठे सापडत नाही, उलट विरुद्ध आधार सापडतो. चरकाने चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या त्रिमर्मीय अध्यायात मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार व त्यांची चिकित्सा सांगितली. त्याच अध्यायात पुढे नेत्ररोगांचा विषय आला तेव्हा मात्र, हा दुसऱ्या तंत्राचा अधिकार आहे, त्यात आम्ही विस्ताराने बोलणार नाही, असे सांगून तो थांबला. गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा प्रसंग येताच त्याने तो धान्वंतर संप्रदायाच्या शल्यवैद्यांकडे सोपविला. म्हणजे आपल्या अधिकाराची सीमा लेखनातही पाळणारा हा आचार्य आहे. त्याचे नाव घेऊन रुग्ण अडवून ठेवणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

पाठविणे म्हणजे ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ असे तोंडी सांगणेही नव्हे. चिठ्ठीत आधीच्या प्रत्येक वेगाची तारीख, त्या वेळी घेतलेल्या प्रतिजैविकाचे नाव व दिवस, कल्चर झाले असल्यास निष्कर्ष, मधुमेह व वृक्काची स्थिती आणि आपण देत असलेली आयुर्वेदीय औषधे इतके लिहिलेले असावे. शेवटची बाब बहुधा गाळली जाते. भस्मे व क्षार असलेले कल्प आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध एकाच वेळी पोटात गेले तर लोह, कॅल्शियम यांच्याशी बांधले जाऊन त्या औषधाचे शोषण घटते. दोहोंत दोन ते सहा तासांचे अंतर लागते. वृक्क दुर्बल असलेल्या रुग्णात क्षार व लवणयुक्त कल्पांचाही पुन्हा विचार करावा लागतो. तज्ज्ञांना ही माहिती न देता आपण त्यांच्याकडून आदराची अपेक्षा कशी करणार? तज्ज्ञही कधी कधी ‘ते काढे आधी बंद करा’ एवढेच म्हणून कागद बाजूला सारतात, हे खरे आहे व ते क्लेशदायक आहे. त्यावर उपाय एकच, लिखित आणि नेमकी माहिती पाठवीत राहणे. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीनंतर दूरध्वनी येऊ लागतो.

कोणत्या तज्ज्ञाकडे, हाही प्रश्न असतो. अवशिष्ट मूत्र, अश्मरी, अष्ठीलावृद्धी असेल तर मूत्ररोगतज्ज्ञ. वृक्काचे कार्य बिघडले असेल तर वृक्करोगतज्ज्ञ. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीला स्त्रीरोगतज्ज्ञही. केवळ जंतुसंसर्गाच्या शाखेचे तज्ज्ञ मुंबई-पुण्याबाहेर विरळाच. परंतु ज्यांचा आपल्याला विसर पडतो ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून असतात. कल्चरचा अहवाल हाती घेऊन त्यातील ‘एस’ अक्षरांपैकी सर्वांत महागडे औषध निवडणे ही पद्धत चुकीची आहे. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ असले तरी ज्वरयुक्त वृक्कसंसर्गात ते उपयोगी नाही, कारण ते मूत्रात साठते, वृक्काच्या धातूत पुरेसे पोहोचत नाही. असे बारकावे त्यांना विचारावेत. विचारल्याने पदवी कमी होत नाही.

कल्चरसाठीचे मूत्र प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच घ्यावयाचे, स्थान स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधल्या धारेचे, निर्जंतुक डबीत. दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावे, अन्यथा शीतकपाटात ठेवावे. खेड्यातील रुग्णा सकाळी घरून स्टीलच्या डबीत मूत्र घेऊन एसटीने अकरा वाजता येते, त्या मूत्राचे कल्चर करून काय मिळणार? हे तिला कोणी सांगितलेले नसते.

याच्या उलट बाजूचाही दोष वाढत आहे. आरोग्य शिबिरांत व ‘संपूर्ण तपासणी’च्या पॅकेजांत लक्षणे नसलेल्या व्यक्तींच्या मूत्रात जिवाणू वा पूपेशी सापडतात आणि लगेच उपचार सुरू होतो. गर्भिणी आणि मूत्रमार्गावर शल्यकर्म व्हावयाचे असलेले रुग्ण वगळता, लक्षणे नसतील तर अशा जिवाणूंवर प्रतिजैविक देऊ नये, हा आज आधुनिक वैद्यकाचाच नियम आहे. येथे वैद्याने ठामपणे ‘काही करू नका’ असे सांगावे. मूत्राला वास येतो, गढूळ दिसते, एवढ्यावर गोळी देणाऱ्याने अहवालाला औषध दिले; रुग्णाला नव्हे.

उत्तरबस्तीविषयी लिहिणे भाग आहे. पुनरावर्ती मूत्रविकारांत उत्तरबस्तीचा प्रयोग अलीकडे उत्साहाने होऊ लागला आहे. मूत्रमार्गात उपकरण घालणे म्हणजे बाहेरचा जिवाणू आत नेण्याचा मार्ग उघडणे होय. संसर्ग चालू असताना तो करू नये आणि अन्य वेळीही निर्जंतुक द्रव्य, निर्जंतुक उपकरण व शल्यगृहास साजेशी स्वच्छता यांवाचून करू नये. पंचकर्माच्या तैलगंधित खोलीत, कोमट तेल वाटीतून सिरिंजमध्ये ओढून केलेली उत्तरबस्ती मी पाहिली आहे. त्या वैद्यांचा हेतू चांगला होता.

आपले खरे क्षेत्र, माझ्या मते, दोन वेगांच्या मधला काळ हे आहे. हा काळ आधुनिक चिकित्सकाकडे मोकळाच पडलेला असतो. त्याच्याकडे रुग्णा वेगाच्या वेळीच येते. नवेगान्धारणीय अध्यायात मूत्रवेग धारण केल्याने बस्तिशूल व मूत्रकृच्छ्र होते असे चरकाने सांगितले आहे. आजच्या स्त्रीच्या दिनक्रमाकडे त्या दृष्टीने पाहावे. एसटीत वाहक म्हणून काम करणारी, ऊसतोडीला जाणारी, सकाळी सातच्या शाळेवर दोन बस बदलून पोहोचणारी शिक्षिका, बाजारात भाजी घेऊन बसणारी, या सर्वजणी पाणी पीतच नाहीत, कारण जावे कोठे हा प्रश्न असतो. स्वच्छतागृह आहे तर कडी नाही, कडी आहे तर पाणी नाही. शाळेतील मुलींची गोष्ट याहून वेगळी नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार बस्तिसंसर्ग होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर इतरांना ३.२ वेळा. एकही गोळी अधिक न देता मिळालेले हे फळ आहे. हृदय वा वृक्क दुर्बल असल्यास हा उपाय तज्ज्ञांना विचारूनच करावा. ऋतू, अग्नी व वय पाहून जलपान सांगणे हे आपल्याकडे नवे नाही, परंतु चिठ्ठीवर औषधांच्या वर ते लिहिणारे वैद्य किती? ‘पाणी भरपूर प्या’ असे तोंडी सांगून काम होत नाही. तुम्ही दिवसभर कोठे असता, तेथे स्वच्छतागृह आहे काय, रात्री किती वेळा उठता, मलप्रवृत्ती कशी आहे, हे विचारण्यास पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे आपण देऊ शकतो, व अद्याप देतो, म्हणूनच रुग्णा आपल्याकडे येते.

आपल्या संघटनेकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. पुनरावर्ती मूत्रसंसर्गाच्या रुग्णांसाठी एक साधे कार्ड छापावे. तारीख, लक्षणे, कल्चर, औषधाचे नाव व दिवस, आयुर्वेदीय औषधे, कोणाकडे पाठविले, एवढे रकाने पुरेत. कार्ड रुग्णेजवळ राहावे, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीची गरज उरणार नाही. शंभर सभासदांनी दोन वर्षे ही कार्डे प्रामाणिकपणे भरली, तर दोन वेगांमधील अंतर आपल्या चिकित्सेने खरोखर वाढते काय, याविषयी बोलण्यास आपल्याकडे प्रथमच काही आधार येईल. अंतर वाढत नाही असे आढळले तर तेही याच अंकात छापावे. आणि येत्या धन्वंतरी जयंतीस जिल्हा शाखांनी सत्कारांपैकी दोन कमी करून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना तासभर बोलावावे, त्यांच्याकडून आपापल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी आलेल्या मूत्रकल्चरचे अहवाल समजावून घ्यावेत. आमच्या शाखेच्या सचिवांकडे मी हा प्रस्ताव लेखी दिला आहे.